फकिराची डुकरं

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात बयनाबाईनं घरामागं दगडी फरशीचं खोपट घातलं आणि सरकारी योजनेतली दोन पांढरी डुकराची पिल्लं आणली. तिच्या मुलानं, खुशालनं, बोलणं टाकलं. तो तलमडुगुच्या शाळेत नुकताच मास्तर झाला होता. बौद्ध झाल्यावर वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, डुकरंही सोडली. आणि आता त्याचीच आई!

"हे गावभर फिरनारी नाहीत रे," बयनाबाई म्हणाली. "खोपटात राहतात, कोंडा खातात. आता मजुरीले जाणं होत नाही, मी करू तरी काय?"

रविवारी आदिलाबादहून खुशालला सांगून आलेल्या मुलीचे वडील चंपतराव घर पाहायला आले. कचेरीत कारकून. खुशालनं सकाळीच खोपटाला चहूबाजूंनी बांबूच्या तट्ट्या बांधल्या होत्या. चहा होईस्तोवर पिल्लं त्या पाडून अंगणात आली.

"हे कोनाची?"

"शेजारच्या फकिराची," खुशाल म्हणाला.

दारात बयनाबाई चहा घेऊन उभी होती. तिनं कपबशा खाली ठेवल्या आणि काठी उचलली.

"हड! जा आपल्या घरी!"

रोज हिच्याच हातून कोंडा मिळायचा. पिल्लं तिच्या लुगड्याला नाक घासू लागली. तिनं एकाच्या पाठीत काठी घातली. ते किंचाळलं, पुन्हा तिच्याच पायाशी आलं. शेवटी दोघांना ढकलत तिनं फकिराच्या अंगणात नेलं.

निघताना चंपतराव तिला म्हणाले, "शेजाऱ्याची पिल्लं तुमाले लई वळखतात, बाई." लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही.

ते गेल्यावर खुशाल फकिराकडे गेला. ओट्यावर वस्तीतली माणसं बसली होती.

"काका, डुकरं न्यायले आलो."

"कोनती?" फकिरा म्हणाला. "माहीच हायेत ना? खुद्द मास्तरनं पाव्हण्याले सांगतलं."

ओटा हसला.

"मायची हायेत, काका."

"मायची? अन् तुही नाहीत?"

खुशाल खाली पाहत म्हणाला, "आमची हायेत."

"मंग तवा काऊन नाही बोलला?"

फकिरानं अंगणाचं कवाड उघडलं. पिल्लं कोपऱ्यातून हलेनात. त्यांना कशी हाक मारतात, हे खुशालला ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या देखत तो परत घरी गेला आणि आईपुढं उभा राहिला.

"माय, येत नाहीत."

बयनाबाई उठली. तिनं कुंपणातूनच हाक दिली आणि दोन्ही पिल्लं धावत तिच्याकडं आली. एकाच्या पांढऱ्या पाठीवर तांबडा वळ उठला होता. तो ओट्यावरूनही दिसत होता.