गोलने गेलेली बाई

त्या शनिवारी आई सकाळपासून सैतान शिवत होती. ऑक्टोबरची एकतीस तारीख, साल सत्त्याऐंशी. संध्याकाळी पोरं सोंगं घालून दारोदार गोड मागत फिरणार होती, आणि त्या वर्षी आमच्या बार्रिओ ओब्रेरो वस्तीतल्या निम्म्या घरांना दुसरं कुठलंच सोंग नको होतं. आमच्या काली शहरातला आमचा फुटबॉल क्लब अमेरिका दे काली, त्याचं चिन्ह लाल सैतान, आणि त्याच दिवशी परदेशात, सांतियागोच्या मैदानावर, खंडभरच्या क्लबांच्या लिबेर्तादोरेस चषकाचा निर्णायक सामना. शिलाई मशीनशेजारी लाल कापडाचा ढीग पडला होता. आई शेपट्यांत कापूस भरत होती.

"आम्पारो, ही शेपटी वळवू की सरळ ठेवू?"

"सैतानाला विचार."

"तो म्हणेल, शेपटीचं राहू दे, आधी चषक आणा."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच हसली. चुलीवर कोंबडी आणि कच्च्या केळ्यांचं सान्कोचो रटरटत होतं. आमच्या घरातला हा शेवटचा साधा दिवस. तो साधा नाही हे मला आणि माझ्या भावाला, ओल्मेदोला, ठाऊक होतं. जिला ठाऊक असायला हवं होतं, तिला नव्हतं.

सप्टेंबरमध्ये डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावून आईच्या यकृताचं चित्र उजेडापुढे धरलं होतं. नाताळ पाहतील बहुतेक, म्हणाले, त्यापुढचं सांगता येत नाही. ओल्मेदोने तिथेच त्यांचा हात धरून विनवलं, तिला कळू देऊ नका. पित्ताचा त्रास आहे असं सांगायचं, हेही त्यानेच ठरवलं.

"तिला सांगायला हवं," बाहेर आल्यावर मी म्हणाले.

"सांगू की. चषक होऊ दे."

"चषकाचा काय संबंध?"

"जिंकलो की ती खुशीत असेल. खुशीत माणूस काहीही पचवतं. तू पोरींना कादंबऱ्या शिकवतेस, तुझ्या पुस्तकांत माणसं खरं ऐकून शहाणी होतात. इथे ती भिंतीकडे तोंड करून पडतात."

ओल्मेदोचं टायरचं दुकान आहे. दिवसभर तो माणसांवर ओरडतो, आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं की त्याला खोलीत थांबवत नाही. याला सगळे प्रेम म्हणतात. मीही म्हणत असे.

मग चषक लांबत गेला. घरच्या मैदानावर आम्ही उरुग्वेच्या पेन्यारोलला दोन-शून्यने हरवलं, गल्लीत रिवाजाप्रमाणे लोकांनी एकमेकांवर पीठ उधळलं, आणि ओल्मेदो म्हणाला, पुढच्या बुधवारी. बुधवारी माँटेव्हिडिओत त्यांनी सामना संपता संपता दुसरा गोल केला आणि दोन-एकने जिंकले. एक विजय त्यांचा, एक आमचा, म्हणून तिसरा सामना, तिसऱ्या देशात. "शनिवारी," ओल्मेदो म्हणाला. आईची बातमी अशी फुटबॉलच्या वेळापत्रकाने पुढे सरकत होती.

आई मात्र बेत करत होती. तिची धाकटी बहीण, तेओफिला मावशी, खाली समुद्राकाठी तुमाकोला राहते. दोघींची भेट होऊन वर्षं लोटली होती.

"आत्ताच जाऊन ये ना," मी म्हणून पाहिलं. "मी नेते तुला."

"डोकं फिरलंय का? चषक चाललाय. मग डिसेंबरचे कपडे आहेत लोकांचे. जानेवारीत जाऊ, निवांत."

जानेवारी म्हटलं की ओल्मेदो ताटात बघायचा.

सामन्याला घर भरलं. टीव्हीचा आवाज बंद आणि रेडिओचा मोठा, नेहमीसारखा. समोरच्या घरातले शेजारी, दॉन अब्सालोनही, खुर्ची घेऊन आले. ते शहरातल्या दुसऱ्या क्लबचे, हिरव्यांचे. आमचं हरणं बघायला कधी चुकायचे नाहीत.

"दॉन्या एडेल्मिरा, रुमाल आणलाय तुमच्यासाठी. धुतलेला आहे."

"ठेवा खिशात," आई म्हणाली. "तुमचे हिरवे पहिल्याच फेरीतून घरी आले ना, त्यांचे डोळे पुसा आधी."

नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळ सुरू झाला. आम्हाला बरोबरीही पुरेशी होती, कारण आधीच्या दोन सामन्यांत गोल आमचे जास्त होते. शेवटची मिनिटं उरली तशी घरात कोणी बसेना. बाहेर फटाके लागले. ओल्मेदो गल्लीत जाऊन पीठ खेळून आला, केसांपासून दाढीपर्यंत पांढरा, आणि दारातूनच ओरडला, "आई, झालीस चँपियन."

आई पडद्याकडे बघत होती. "शिटी वाजू दे," म्हणाली.

रेडिओवरचा माणूस वाक्याच्या मध्येच थांबला. पडद्यावर पेन्यारोलचा एक पोरगा डावीकडून आत घुसला होता, आणि चेंडू आमच्या जाळ्यात होता. एकशे विसावं मिनिट. सलग तिसऱ्या वर्षी अंतिम सामना हरलो. बाहेर कोणाच्या तरी हातातला फटाका उशिराने फुटला, आणि मग आवाज थांबले.

ओल्मेदो भिंतीला टेकून रडू लागला. गालांवरच्या पिठाची लापशी झाली. आईने ओलं फडकं आणलं आणि त्याचं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, नाक धरून.

"शिंकर. हं, पुन्हा."

दॉन अब्सालोन मुकाट्याने खुर्ची उचलून निघाले होते. तिने त्यांनाही थांबवलं. "जेवून जा. तुमच्या आनंदापायी माझं सान्कोचो नासायला नको."

अंधार पडताना सैतानांची रांग दारात आली. मागायला आलेली पोरं काही मागेचनात. आईने एकेकाच्या हातात गोळ्या कोंबल्या, शेपट्या नीट केल्या, एका रडणाऱ्या पोरीची शिंगं सरळ केली. "आत्ता सवय करून घे, पोरी," ती म्हणाली. "मी तुझ्याएवढी होते तेव्हापासून हरतेय. जेवण जातं, झोपही लागते."

नंतर ती भांडी घासत होती आणि मी पुसत होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुला काहीतरी सांगायचंय. सप्टेंबरपासून तोंडाशी आलंय तुझ्या."

ओल्मेदो तिच्या पाठीमागे दारात उभा होता. डोळे सुजलेले. त्याने मान हलवली. आज नको.

"काही नाही, आई. दमलेय."

"बरं," ती म्हणाली, आणि पातेलं माझ्याकडे दिलं.

रविवारी सकाळी ती मोरीपाशी कोसळली. रक्ताची उलटी झाली. इस्पितळात ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. मंगळवारी पहाटे गेली.

संध्याकाळी शवपेटी पुढच्या खोलीत ठेवली. शेजाऱ्यांनी खुर्च्या दिल्या, कॉफीची किटली फिरू लागली. येणारा आधी क्रूसाची खूण करायचा, ओल्मेदोला मिठी मारायचा, आणि थोड्या वेळाने भिंतीपाशी उभ्या पुरुषांत जाऊन मिसळायचा.

"चेंडू नुसता प्रेक्षकांत भिरकावला असता तरी संपलं होतं."

"दहा सेकंद होती. दहा."

"माझा मेहुणा पीठ धुवून आला आणि मग कळलं त्याला. त्याला वाटलं आपणच जिंकलो."

कोणीतरी हसलं आणि पेटीकडे बघून कॉफीच्या किटलीकडे वळलं.

दॉन अब्सालोनांनी काळी टाय लावली होती. "त्या गोलने गेली बिचारी," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "मी समोर होतो. चेहरा पांढरा पडला होता."

पांढरा पडला होता तो ओल्मेदोचा, पिठाने. पण ओल्मेदोने मान डोलावली. "गोलनेच," तो म्हणाला. "काळीजच थांबलं तिचं." पुढच्या माणसाला सांगताना त्याच्या गोष्टीत आईने छातीवर हात ठेवला होता. त्याच्या पुढच्याला सांगताना ती 'आता बस्स' असंही म्हणाली होती. बायका रडल्या. जपमाळेच्या प्रार्थनेआधी पाद्रीबुवांनीही त्या गोलचा उल्लेख केला. मला दिसत होतं, गोष्ट तयार झाली आहे, आणि गोष्ट चांगली आहे. बार्रिओ ओब्रेरो ती पन्नास वर्षं सांगेल. एडेल्मिरा नावाची एक शिंपीण होती, तिला हार सोसली नाही.

आमच्यापैकी हार सोसता येणारी ती एकटीच होती. आणि तिच्यापासूनच आम्ही हार लपवली होती.

मावशी पोचली तेव्हा जपमाळ संपत आली होती. दिवसभराच्या बसप्रवासाने पाय सुजलेले, पिशवी अजून खांद्याला. तिने पेटीवर हात ठेवला, बराच वेळ बघितलं, आणि मग वळली.

"काय झालं हिला?"

"गोल, मावशी," ओल्मेदो म्हणाला. "सांतियागोचा. काळीज थांबलं."

"गोलने?" मावशीने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "ही? शहाऐंशीचा अंतिम सामना हरल्यावर हिने मला फोन केला होता. बटाट्याचे भाव सांगत बसली होती. ही गोलने मरते होय रे?"

"तिसरी वेळ होती, मावशी. किती सोसणार माणूस?"

"मग मला आधी कोणी बोलावलं का नाही? जानेवारीत येते म्हणाली होती. मी खोलीला रंग दिला."

ओल्मेदोने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, त्या स्वयंपाकघरातल्यासारखीच.

मी उठले. पुरुष भिंतीपाशी कुजबुजत होते, ते थांबले नाहीत. पेटीला वर काच होती आणि काचेखाली तिचा चेहरा. मी मावशीशी बोलणार होते, पण तोंडातून आलं ते आईसाठी, आणि वर्गात बोलते तेवढ्या मोठ्याने आलं.

"आई, तू गोलने गेली नाहीस. तुझ्या यकृतात गाठ होती. मला आणि ओल्मेदोला सप्टेंबरपासून माहीत होतं. तू मरणार होतीस, आई, आणि आम्ही तुला सांगितलं नाही."