मेंढरं राखणारा मी, झाडं राखायला गेलो

मी एक म्हातारा धनगरी कुत्रा आहे, मित्रांनो. माझं नाव फौजदार. ते माझ्या मालकाने, बिरूदादाने ठेवलं. पिल्लू असतानाच मी सगळ्या कळपावर डोळे वटारायचो म्हणे. मला या नावाची कधी लाज वाटली नाही. मी ते निभावलंच आहे.

माझा जन्म मेंढरांमागे, उघड्या रानात झाला. कळपाच्या अंगावर न जाता कडेकडेने फिरायचं आणि पुढचं जनावर वळवायचं, म्हणजे बाकीची आपोआप वळतात, हे बिरूदादाने मला शिकवलं. पण चरायची रानं उसाखाली गेली. बिरूदादाने इंदापुरात ट्रकवर काम धरलं. मेंढरं घेतली सारजाआक्काच्या धाकट्या भावाने, भीमाने. सारजाआक्का म्हणजे बिरूदादाची बायको.

मेंढरं गेली आणि मी निमगाव केतकीत घराच्या दारात बसून राहिलो. भाकरी वेळेवर मिळायची, पण काम नव्हतं. मग मी शेजारच्या कोंबड्याच वळायला लागलो! त्यांची मालकीण धोंडाबाई रोज भांडायला यायची.

त्याच साली, ब्याण्णव-त्र्याण्णव असेल, गावाबाहेरच्या माळावर झाडं लावायचं सरकारी काम निघालं. सारजाआक्का टिकाव-पाटी घेऊन निघाली, मीही मागे लागलो. तिने मला हाकललं नाही. "चल बाबा," ती म्हणाली, "हितं बसून तरी काय करशील?"

माळावर ऊन सपाटून लागे. बायका खड्डे खणत, रोपं लावत, टँकरचं पाणी घागरीने घालत. मला काय, ओल्या मातीचा गारवा दिसला! मी एका खड्ड्यात शिरलो, पायांनी माती उकरली आणि पसरलो. त्यात कडुनिंबाचं रोप होतं.

"फौजदार! ऊठ तिथनं!" सारजाआक्का ओरडली.

तेवढ्यात वनीकरणाचा गार्ड रामहरी सायकलवरून येत होता. फौजदार आलाय असं वाटून त्याने घाईघाईने टोपी सरळ केली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. रामहरी मात्र हसला नाही.

"बाई, कुत्रं घरी ठिवा," तो म्हणाला. "पुन्ना रोप उपटलं, तर कुत्र्यासंगं तुमालाबी घरी बसावं लागंल."

सारजाआक्काने रोप परत लावलं. मला बाभळीच्या सावलीत नेलं, जमिनीवर हात आपटून म्हणाली, "हितं बसायचं. झाडाला शिवायचं न्हाय." मला एकदाच सांगावं लागतं. त्यानंतर मी खड्ड्याकडे फिरकलो नाही.

एके दिवशी भीमा कळप घेऊन रोपांभोवतीच्या काट्यांच्या कुंपणाशी आला. उन्हाळ्याने मेंढरांच्या बरगड्या दिसत होत्या.

"आक्का, जरा काटे बाजूला कर की. घटकाभर चरू दे."

"न्हाय भीमा."

"तू माजी भन हायस का सरकारची?"

"भन हाय म्हणूनच सांगती. आज शेंडे खाल्ले, तर ह्या माळावर सावली कवा व्हायची? तुजी मेंढरं कुठं टेकायची?"

भीमा कळप वळवून निघून गेला. त्या दिवशी सारजाआक्काने भाकरीचं फडकं सोडलं आणि न खाताच परत बांधून ठेवलं.

थोड्याच दिवसांत दुपारी भीमा माळाच्या कडेला झाडाखाली झोपला असताना कुंपणाचे काटे वाऱ्याने सरकले आणि अख्खा कळप आत शिरला. पुढे शिंगाळी शेळी, मागे मेंढरं. बायका काठ्या घेऊन धावल्या. रस्त्यावर रामहरीची सायकल दिसली. त्याने पाहिलं असतं, तर कळप थेट कोंडवाड्यात गेला असता.

"थांबा!" सारजाआक्का गरजली. "काठ्या टाका! बुजली तर सगळी रोपं तुडवतील." मग माझ्याकडे वळली. "फौजदार, कडंनं!"

मित्रांनो, ती माझीच मेंढरं होती. मला बघून दोन म्हाताऱ्या मेंढ्या ओरडत जवळ आल्या. त्यांच्या लोकरीत तोंड खुपसावं असं फार वाटलं. पण मी थांबलो नाही. रोपांच्या ओळींमधून, एकाही रोपाला पाय न लावता, पळत जाऊन शेळीसमोर उभा राहिलो. ती शिंगं रोखून उभी. मी फक्त तिच्या डोळ्यांत पाहिलं. ती वळली. मेंढरं तिच्यामागे वळली आणि आल्या वाटेने बाहेर पडली.

रामहरी पोचला तेव्हा खुरांच्या खुणा आणि खाल्लेले शेंडे समोरच होते.

"कुणाची मेंढरं?"

 सारजाआक्का पुढे झाली. "माज्या भावाची. आत शिरली हे खरं हाय. खाल्लेली रोपं मी लावून दीन. त्याला कोंडवाडा दाखवू नका."

भीमा धापा टाकत आला होता. त्याने ते ऐकलं. "आक्का, तू न्हाय," तो म्हणाला. "मी लावतो." आणि तिच्या हातातला टिकाव काढून घेतला.

रामहरी खुणा बघत सगळीकडे फिरला. शेवटी माझ्यापुढे थांबला. "ह्यानं बाहीर काढली?"

"व्हय," सारजाआक्का म्हणाली. मग त्याने कोंडवाड्याचं नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने फुटक्या माठाचं बूड आणून बाभळीखाली ठेवलं. स्वतः त्यात पाणी ओतलं. "फौजदारसाहेब, घ्या," तो म्हणाला. मी प्यायलो. मानाने मिळालेलं पाणी कोण नाकारील?

मित्रांनो, तुमचा कुत्रा कामाला मागे लागला, तर दगड उचलू नका. आधी त्याला सावली दाखवा, पाणी ठेवा आणि त्याने काय करायचं ते नीट सांगा. आम्हाला नुसती भाकरी पुरत नाही. आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत हेही लागतं.

आता माझे मागचे पाय दुखतात. सारजाआक्का "चल" असं म्हणत नाही. पण घरातून निघताना ती पावलं हळू टाकते, मी तिला गाठीन इतकी हळू.

आणि मी तिला गाठतोच.