फॉर्मवरची अकरावी ओळ

शिवराजशेठचं ऑफिस करमाडच्या रस्त्यावर आहे. बाहेर रो हाऊसचं रंगीत चित्र, आत एसी, आणि एसीत बसून हात वर करणारा शेठ.

"फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय, काका. लोन झालं नाही तर बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीत."

तीन लाख रुपये. त्यासाठी माझ्या सासऱ्यांनी, मल्हारीमामांनी, अख्खा कळप विकला होता. शेवटची मेंढी टेम्पोत चढेना, तर तिला स्वतः उचलून आत ठेवलं होतं. 'बँकेत आपला माणूस आहे, लोनचं माझ्यावर सोडा,' असं शेठ तेव्हा म्हणाला होता. बँकेनं माझ्या नवऱ्याची नोकरी कंत्राटी म्हणून अर्ज परत पाठवला, आणि शेठचा तो माणूस आता फोन उचलत नाही. एरवी शेठला शिव्या घालायला मला निमित्त लागत नाही. त्या दिवशी मात्र मी मामांच्या मागे उभी राहिले.

"असं काय लिव्हलेलं नव्हतं," मामा म्हणाले. "ही वळ तुमी मागून घातली. आमची प्रांजली बारावी शिकलेली हाय. समदा कागद वाचूनच सही केली तिनं. असं काय असतं तर सांगितलं नसतं व्हय तिनं?"

ओळ होती. अकरावी, बारीक अक्षरातली. सही करायच्या दिवशी माझं बोट तिच्यावर थांबलं होतं आणि शेठनं ते पाहिलं होतं. "सूनबाई, चहा घ्या," एवढंच तो म्हणाला. मामांनी विचारलं, "काय लिव्हलंय, पोरी?" मी म्हणाले, "काय नाय मामा, नेहमीचंच."

चार बिऱ्हाडांत मिळून आमचा एक संडास आहे, त्याच्या दाराला कडी नाही. गेली सहा वर्षं एका हातानं दार ओढून धरून मी आत बसते. त्या रंगीत चित्रात मी फक्त आतून कडी लागणारं एक दार पाहिलं होतं. लोन काय, सगळ्यांचं होतं, आपलंही होईल, असं धरून चालले.

मामांनी कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडून टेबलावर ठेवली. आमच्यात भंडारा उचलून कुणी बोललं की वाद मिटतो. त्यावर खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही.

"उचल पोरी. सांग यांना."

शेठ खुर्चीत मागे रेलला. "उचला की सूनबाई. ही ओळ तेव्हा नव्हती म्हणा. मी आत्ता चेक लिहितो." त्यानं खरंच चेकबुक काढलं. त्याला माझं बोट आठवत होतं.

चिमूटभर हळद आणि तीन लाख. देव समजून घेईल, चोरावर मोर झालं तर कुठं बिघडलं, असं माझ्या मनात आलंच. हात पुढेही गेला. मामा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते शेठकडे बघत होते, मान ताठ करून, आता कळेल तुला, अशा चेहऱ्यानं.

माझा हात तिथंच थांबला.

"मामा, वळ व्हती. मी वाचली व्हती."

मामांनी पिशवीची नाडी बांधायला घेतली. दोनदा सुटली.

"मंग तवा बोलली का नाय?"

"घर पायजे व्हतं मला."

शेठनं चेकबुक ड्रॉवरमध्ये टाकलं. आम्ही बाहेर आलो. स्टॉपवर उभं राहिल्यावर मामांनी खिशातून फॉर्मची घडी काढून माझ्या हातात दिली.

"वाच. पयल्यापासून, मोठ्यानं."

मी वाचू लागले. ट्रक जात होते, बाजूला उभे असलेले लोक वळून बघत होते. अकराव्या ओळीवर माझं बोट पुन्हा थांबलं.

"थांबू नको," मामा म्हणाले.