कोपऱ्यातला बर्फ

निइदा तोमेझोंची धाकटी मुलगी किकुए लग्न करून होक्काइदोला गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न जूनमध्ये झालं. तोमेझोंनी सकाळी कोट घातला, फोटो काढून घेतले, आणि तीन वाजता कोट उतरवून बर्फावरच्या स्केटिंगच्या रिंकवर निघून गेले. त्यांची बायको फुमिए हे पुढे वर्षभर सांगत होती.

"मुलीची सासू मला विचारते, वडील कुठे गेले? मी म्हटलं, त्यांची थोरली लेक आजारी आहे. पांढरी आहे, सपाट आहे, साठ मीटर लांब आहे."

तोमेझो तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. तरुणपणी हाचिनोहेच्या बंदरातून माकूळ धरणाऱ्या बोटींवर जायचे. पाठीनं दगा दिल्यावर रिंकवर बर्फ राखायला लागले, त्याला आता एकवीस वर्षं झाली होती. बर्फ राखणं म्हणजे नुसतं बर्फ तासून गुळगुळीत करणारं मशीन फिरवणं नव्हे. मुलांचा शाळेआधीचा सराव सात वाजता संपला की मशीन बाहेर काढण्याआधी ते ओल्या बर्फाची बादली घेऊन चालत सुटायचे. उड्या मारताना बुटाच्या पात्याला पुढे असलेल्या दातांनी जे खड्डे पडतात, ते एकेक करून मुठीनं भरायचे. आणि भरता भरता वाचायचे. कोण आलं, कोण आलं नाही, कोणाच्या पात्याची धार गेली, कोण आज घरून भांडून आलंय, हे सगळं त्यांना ओरखड्यांवरून कळायचं.

"आजोबा, माझं काय लिहिलंय आज?" मुलं विचारायची.

"तू आज न्याहारी केली नाहीस असं लिहिलंय."

निम्म्या वेळा ते खरं निघायचं.

सावागुची चिहारूची रेघ त्यांना सगळ्यांत आवडायची. ही चौदा वर्षांची, लांब पायांची, कमी बोलणारी मुलगी. लुट्झ नावाची एक अवघड उडी असते. मागे मागे जात डाव्या पायातल्या पात्याच्या बाहेरच्या कडेवर लांब वळण घ्यायचं, ती कड सोडायची नाही, आणि उजव्या पायाचा दात रोवून उलट्या अंगानं हवेत फिरायचं. शेवटच्या क्षणी पाय आतल्या कडेवर कलंडायला बघतो. कलंडला की उडी तीच दिसते, पण परीक्षक गुण कापतात. चिहारूचा पाय कलंडत नसे. तिची रेघ खड्ड्यापर्यंत बाहेरच झुकलेली असायची, विळ्याच्या पात्यासारखी.

म्हणून ऑगस्टमध्ये ती सेंदाईच्या स्पर्धेहून आली आणि तिच्या गुणांचा कागद कोमुकाई बाईंनी टेबलावर आपटला, तेव्हा तोमेझोंना नवल वाटलं. कोमुकाई बाई म्हणजे क्लबच्या कोच. दोन्ही लुट्झवर शिक्का होता, कड चुकली म्हणून. गेल्या मार्चमध्येही तसंच झालं होतं, आणि त्याच्या आधीही.

"घाबरते," बाई म्हणाल्या. "इथे बघा कशी मारते. बाहेरगावी गेली की चुकते. दुसरं काय?"

"तू घाबरतेस का गं?" तोमेझोंनी चिहारूला विचारलं.

तिनं बुटाची नाडी सोडता सोडता विचार केला. "भीती वाटते. पण इथेही वाटते, आजोबा. बाई बघत असल्या की."

बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

वेळ थोडा होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोरिओकाला विभागाची स्पर्धा होती. तिथून पुढच्या फेरीत गेली तर सेंदाईच्या एका शाळेचा क्लब तिला घेणार होता. नाही गेली तर एप्रिलपासून बूट खुंटीला. तिच्या वडिलांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, आणि तिनं मान डोलावली होती.

सप्टेंबर अर्धा सरला तरी तोमेझोंच्या डोक्यातून ती गोष्ट जाईना. त्यांना कागदावरचे गुण कळत नव्हते, पण रेघ कळत होती. घाबरलेल्या माणसाची रेघ थरथरते, तुटते. हिची बाहेरगावी एकाच जागी, एकाच बाजूला कलंडते. घाबरणं इतकं नेमकं कसं असेल?

एका रात्री सेंबेईचं, म्हणजे गव्हाच्या कडक बिस्किटांचं सूप पिता पिता ते काडीनं टेबलावर वळणं काढत बसले.

"अहो, सूप गार होतंय," फुमिए म्हणाली.

"ती उडी कुठे मारते?"

"कोण?"

"सावागुचीची पोर. ती नेहमी मशीनच्या दारापाशीच मारते."

"सगळीच पोरं तिथे मारतात. तुम्हीच तर सांगता."

हे खरं होतं. एका वेळी वीस मुलं बर्फावर असत. एकमेकांवर आपटू नयेत म्हणून क्लबचा जुना नियम होता, की लुट्झ फक्त मशीनच्या दाराच्या कोपऱ्यात. मागे बघता येत नाही ना त्या उडीत. चिहारू सात वर्षांची असल्यापासून त्याच कोपऱ्यात ती शिकली होती. तिचं संगीतही तसंच बसवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर त्यांनी तिला थांबवलं. "मशीन काढायच्या आधी एक कर. तीच उडी, समोरच्या कोपऱ्यात."

"तिकडे? ती जागा आमची नाही, आजोबा."

"आता कोण आहे आपटायला? मी भिंतीला चिकटून उभा राहतो."

तिनं मारली. उतरली नीट. दोघं वाकून बघायला लागले. रेघ बाहेर झुकत झुकत आली होती, आणि खड्ड्याच्या एक हात आधी आत वळली होती.

चिहारू रेघेपाशी उकिडवी बसली. मग म्हणाली, "हे माझं आहे?"

"दुसरं कोण आहे इथे?"

"मला तर कळलंच नाही." तिनं बोट त्या वळणावरून फिरवलं. "परत मारू?"

तिनं सहा वेळा मारली. सहाही वेळा तेच. मग मशीनच्या दारापाशी एकदा मारली. रेघ विळ्यासारखी स्वच्छ. तिला रडू येईल असं तोमेझोंना वाटलं होतं, पण तिचे डोळे चमकत होते. "आजोबा, पाय माझाच आहे. मग बर्फात काहीतरी आहे."

ती शाळेत गेली. तोमेझोंनी हातानं फिरवायचं गिरमिट आणि बांबूची काडी घेतली, आणि मापायला लागले. रिंकच्या मध्ये चार सेंटिमीटर बर्फ. समोरच्या कोपऱ्यात चार. मशीनच्या दाराकडे जाता जाता पाच, सहा, आणि भिंतीपाशी साडेसात.

ते तिथेच बसले.

नऊ वर्षांपूर्वी त्या दारातून गरम हवा आत यायची आणि कोपऱ्यातला बर्फ झिजून खाली काँक्रीट दिसायला लागलं होतं. एका मुलाचा हात मोडला. तेव्हाच्या व्यवस्थापकानं सांगितलं, निइदा, रोज तिथे एक बादली पाणी ओतत जा. ते ओतायला लागले. पुढे दार बदललं, हवा थांबली, व्यवस्थापक निवृत्त झाला. बादली थांबव असं कोणी सांगितलं नाही, आणि तोमेझोही थांबले नाहीत. दोन वर्षांपूर्वी जमिनीखालचे पाइप बदलताना सगळा बर्फ वितळवला होता, तरी पहिल्याच दिवसापासून पुन्हा बादली सुरू. हात आपोआप जायचा. मशीननं तासून, बादलीनं भरून, कोपरा भिंतीकडे हळूहळू चढत गेला होता. वळणावर रस्ता एका अंगानं उचललेला असतो, तसा. तो चढ डोळ्यांना दिसत नव्हता, पण उडीआधी पाय बाहेरच्या कडेवर टेकवून ठेवायला तेवढा पुरत होता. बाकीची मुलं मोठी होऊन सोडून गेली. त्याच जागी रोज शंभर वेळा मारणारी हीच एकटी.

पोर घाबरत नव्हती. बाहेरगावचा बर्फ सपाट होता, एवढंच.

सांगायचं कसं, हे त्यांना दिवसभर सुचेना. बर्फ वाकडा आहे, हे बर्फ राखणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आणि स्पर्धेला राहिले होते एकोणीस दिवस. कोपरा तासला तर मुलीची घरची उडीही मोडणार. नाही तासला तर मोरिओकाला मोडणार. गप्प बसले असते तर कोणाला कधीच कळलं नसतं.

संध्याकाळी ते बाईंच्या खोलीत गेले आणि काडी टेबलावर ठेवली. काडीवर त्यांनी पेननं खुणा केल्या होत्या.

बाईंनी सगळं ऐकलं. मग चष्मा काढला. "निइदा काका, तीन वर्षं मी त्या पोरीला भित्री म्हणते आहे."

"हो."

"आणि तुम्ही रोज सकाळी बादली ओतता आहात."

"हो."

"एकवीस वर्षं बर्फ वाचता ना तुम्ही? मग हे नाही वाचता आलं?"

"त्याच्यावर चालत होतो, बाई. पायाखालचं नाही दिसलं."

चिहारू दारात उभी होती. तिला बोलावलेलं नव्हतं, पण ती सकाळपासून त्याच प्रश्नाच्या मागे होती. तिनं काडी उचलून खुणा मोजल्या.

"म्हणजे मला ती उडी कधी येतच नव्हती," ती म्हणाली.

"उतारावर येत होती," तोमेझो म्हणाले. "माझी चूक आहे. उद्या तासून सपाट करतो."

"थांबा ना." ती काडी उलटी धरून बघत होती. "आजोबा, याच्या उलटा उतार करता येईल? समोरच्या कोपऱ्यात? पाय आत पडेल असा?"

"का?"

"तिथे कड धरता आली तर सपाटावर सोपंच जाईल."

बाई दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. "तुम्ही दोघं मिळून माझा अख्खा रिंक वाकडा करणार आहात."

"एकच कोपरा, बाई," तोमेझो म्हणाले. "दुसरा सरळ करतो."

पुढचे चार दिवस एका कोपऱ्यात तासणं आणि दुसऱ्या कोपऱ्यात बादल्या. आता त्यांनी रोज काडी घालून मापलं. लहान मुलांना तिकडे जायची मनाई होती. चिहारू पडली, किती वेळा पडली ते मोजण्यात अर्थ नव्हता. तोमेझो रोज सात वाजता जाऊन रेघ बघायचे. पहिले दिवस ती हातभर आधीच आत वळायची. मग वीतभर. मग चार बोटं.

"आज काय लिहिलंय?" ती लंगडत विचारायची.

"अजून हट्ट करतेय असं लिहिलंय."

"पाय की मी?"

"ते नाही लिहिलेलं."

स्पर्धेच्या आदल्या दिवशीही दोन बोटं उरली होती.

एकवीस वर्षांत तोमेझो कधी बाहेरच्या स्पर्धेला गेले नव्हते. या वेळी फुमिएनं त्यांच्या डब्यात भाताचे गोळे आणि खारवलेला मासा भरला आणि लग्नातला कोट हातात दिला. "आज तरी शेवटपर्यंत अंगावर ठेवा."

मोरिओकाला चिहारू अकराव्या पाळीला बर्फावर उतरली. पहिली लुट्झ तोमेझोंना नीट दिसली नाही, पुढे एक जाडा माणूस बसला होता. दुसरी मारून ती पडली. पंजे टेकले, उठली, पुढे निघाली. बाई कठड्याशी ओठ मिटून उभ्या होत्या.

तिचं संपल्यावर बर्फ साफ करायची वेळ होती. मशीन बाहेर येत होतं. तोमेझो कठड्यापाशी गेले आणि चालवणाऱ्याला हात केला. "भाऊ, जरा थांब. एक मिनिट. मीही हेच काम करतो."

त्यानं का कोण जाणे, थांबवलं.

तोमेझो कठड्यावरून इतके वाकले की बाईंनी त्यांच्या कोटाचं टोक धरलं. दोन्ही रेघा तिथे होत्या. दोन्ही बाहेर झुकत आल्या होत्या आणि खड्ड्यात तशाच शिरल्या होत्या. पडायच्या आधीची रेघ तर पहिलीपेक्षाही स्वच्छ होती.

"पडली ती," बाई म्हणाल्या.

"ते उतरताना. ते मला वाचता येत नाही, ते तुमचं काम."

गुणांच्या कागदावर या वेळी कडेचा शिक्का नव्हता. चिहारू दहावी आली, आणि पुढच्या फेरीत दहाच जणी जाणार होत्या. ती कागद घेऊन आली तेव्हा तोमेझोंना विचारायचं सोडून तिनंच सांगितलं, "दुसऱ्या वेळेला माझ्या पायालाच कळलं, आजोबा. रेघ बघायच्या आधी."

एप्रिलमध्ये ती सेंदाईला गेली. पाच वर्षं ती राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, एकदा चौथी आली, नंतर लहान मुलांना शिकवायला लागली. तिच्या शिकवण्यात एक गोष्ट आहे. लुट्झ चारही कोपऱ्यांत करून घेते, आणि मशीनच्या आधी मुलांना वाकून बघायला लावते. तिच्या पिशवीत खुणा केलेली बांबूची एक काडी असते.

निइदा तोमेझो मोरिओकाच्या स्पर्धेनंतर सहाव्या वर्षी फेब्रुवारीच्या सतरा तारखेला, चांगल्या पिकासाठी गावात होणाऱ्या एंबुरीच्या नाचाचा पहिला दिवस होता तेव्हा, सकाळी घरीच वारले. त्यांचं वय त्र्याहत्तर होतं.