चौथं आवतान

मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्या कव्हरावर सिनेमातला एक नायक नायिकेचा हात धरून उभा आहे, पण त्या दोघांचा आणि माझा काडीचाही संबंध नाही. ते कव्हर दुसऱ्याच कॅसेटचे. माझ्या पोटात आहे गिरजाबाई धवलारणीचा आवाज, आणि मित्रांनो, हे सांगताना माझी मान आजही ताठ होते. कॅसेटला मान नसते, हे मला ठाऊक आहे. तरीही होते.

पेणच्या खाडीकाठच्या आगरी गावांत लग्न म्हटले की धवलारीण हवीच. ती धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाते आणि तिच्या गाण्याच्या हुकमाने एकेक विधी होतो. गिरजाबाई अशी की ती गायला बसली म्हणजे स्वयंपाकाच्या बायकासुद्धा पळी हातात घेऊन मांडवात येत.

मी मात्र जन्मले कोरी. पेणच्या बाजारातल्या दुकानात गाण्यांनी भरलेल्या कॅसेटी पुढच्या फळीवर मिरवत आणि आम्ही कोऱ्या मागे धूळ खात पडत असू. एक्याण्णव साली मला जनू घेऊन गेला. तो मिठागरात राबणारा माणूस. त्याच्या मुलीचे, सगुणाचे, लग्न होते आणि त्याने नवाकोरा टेपरेकॉर्डर आणला होता. मांडवात तो टेप मांडीवर घेऊन गिरजाबाईच्या अगदी शेजारी बसला.

"माझा आवाज डब्यात कोंडतोस व्हय रे जनू?" तिने विचारले.

"कोंडत नाय गो आते, ठेवतोय," जनू म्हणाला. मग मुलांकडे वळून ओरडला, "गप ऱ्हावा रे पोरांनो!"

तेही माझ्यात उतरले. त्यानंतर गिरजाबाईने आवतानाचा धवला धरला. लग्नाला ज्याला त्याला गाण्यातूनच बोलावायचे, असा तो धवला. "पयलं आवतान गनरायाला, दुसरं आवतान गावदेवीला, तिसरं आवतान खाडीच्या पान्याला..." आणि खट्! माझी एक बाजू संपली. जनूने धांदलीने मला उलटे करून पुन्हा बटण दाबले, तोवर चौथे आवतान वाऱ्यावर निघून गेले होते. चुलाण्याचा धूर नाकात जाऊन गिरजाबाईला जोराचा ठसका लागला, तो मात्र नेमका माझ्यात आला. ठसक्यानंतर पाचवे आवतान, नवरीच्या मामाला.

लग्न उरकल्यावर जनूने सुरीच्या टोकाने माझ्या पाठीवरचे दोन्ही चौकोनी तुकडे मोडले. ते मोडले की कॅसेटवर दुसरे काही भरता येत नाही. "आता हिला कोन पुसनार नाय," तो म्हणाला. मला तर अंगावर दागिने चढवल्यासारखे वाटले.

पुढची काही वर्षे मी राणीसारखी राहिले. गणपतीत वाजले, साखरपुड्यांत वाजले. सगुणा माहेरी आली की आधी मला लावायची आणि मग चहा घ्यायची. मुलांच्या हाताळण्यात माझे कव्हर बदलले, पण जनूला मी अंधारातही ओळखू यायचे. मग एका पावसाळ्यात तापाचे निमित्त झाले आणि जनू गेला. मला फार वाईट वाटले, पण माझे बटण दाबायला कोणी आले नाही.

जनूचा मुलगा अमोल डोलवीला कंपनीत कंत्राटी कामाला लागला. घरात सीडी प्लेअर आला. चकचकीत तबकड्या आल्या म्हटल्यावर आम्हाला कोण विचारतो? नको झालेल्या कॅसेटी आणि दहावीची पुस्तके त्याने एका खोक्यात भरली आणि पेणच्या बाजारी आलेल्या गोपाळशेटला विकून टाकली. माझ्यात काय आहे हे त्याला कळलेच नाही. नायक-नायिकेचे कव्हर पाहून त्याने मलाही खोक्यात टाकले.

गोपाळशेटचा जुन्या पुस्तकांचा आणि कॅसेटींचा ठेला रोह्याला, एसटी स्टँडजवळ. तिथे माझ्या एका बाजूला भूगोलाचे मार्गदर्शक, दुसऱ्या बाजूला पाने सुटलेला शब्दकोश. दोघेही स्वभावाने चांगले, पण फार बोलायचे. गोपाळशेटचा धंदा चोख. "वाजवून घ्या, मागाहून तक्रार नाय," असे म्हणून तो प्रत्येक कॅसेट छोट्या टेपवर लावून दाखवायचा. माझे कव्हर पाहून गिऱ्हाइके हौसेने मला उचलत. आतून गिरजाबाई सुरू झाली की हसत. "शेट, ही तर आमची आजी गातेय!" म्हणत आणि मला परत ठेवत. शेवटी गोपाळशेटने मला एका टोपलीत टाकले. टोपलीवर पाटी होती, "भरायला चालतील." म्हणजे आतले पुसून वर दुसरे भरायला! माझा असा अपमान आजवर कोणी केला नव्हता.

त्या टोपलीतून मला निकेशने उचलले. तो धाटावच्या कंपनीत शिफ्टला जाणारा, सिनेमाच्या गाण्यांचा वेडा. घरी जाताच त्याने कागदाचे बोळे करून माझ्या पाठीवरच्या भोकांत कोंबले. जनूने चढवलेले दागिने असे फुकट गेले. बोळे असले की टेप फसतो आणि पुसायला तयार होतो. निकेशने सहज म्हणून, फीत कुठवर आहे ते पाहायला, आधी मला वाजवले.

आत तांदूळ निवडत बसलेली त्याची बायको मैना सूप टाकून धावत आली.

"अवो, हात काढा त्या बटनावरनं! धवला हाय तो!"

तिच्या मागोमाग तिची सासू आनंदीबाई आली आणि दारातच थबकली. निकेशच्या बहिणीचे, नम्रताचे, लग्न ठरले होते आणि त्यांच्या गावची धवलारीण आदल्याच वर्षी वारली होती. त्या काळजीने आनंदीबाईला अन्न गोड लागत नव्हते. "बिनधवल्याची हळद म्हंजे नुसतं अंग पिवळं करनं," असे ती येताजाता म्हणे.

मैनाने केसांतली पिन काढून माझ्या भोकांतले बोळे उपसले. "मामी, मी शिकते," ती सासूला म्हणाली. "नम्रताच्या लग्नात मी गाईन."

शब्द तर देऊन बसली, पण गावात हसू झाले. कालची सून म्हणे धवलारीण होणार! मैनाने मनावर घेतले नाही. भाकऱ्या थापताना, भांडी घासताना मी वाजतच असे. माझी फीत गुंतली की ती पेन्सिल घालून हळू हळू गुंडाळायची, लेकराचे केस विंचरावेत तसे. सगुणाच्या जागी नम्रता घालायला ती शिकली. फक्त चौथ्या आवतानाशी गाडी अडे.

"घाल कुलदैवत," आनंदीबाई म्हणाली. "वराकडची मानसं मोजतील. एक आवतान चुकलं तर मानपानावरनं मांडवात भांडन उभं ऱ्हाईल."

"जे ऐकलं नाय ते कसं म्हनू, मामी?" मैना म्हणाली. "कुनाचा मान कुनाला देऊ?"

लग्नाच्या दिवशी धीराला म्हणून तिने मला कमरेच्या पिशवीत ठेवले. वऱ्हाड पेणकडून आले. मैना गायला बसली आणि सांगते मित्रांनो, मांडव चिडीचूप झाला. पहिले आवतान झाले, दुसरे झाले, तिसरे खाडीच्या पाण्याला गेले. मग मैना थांबली. वराकडच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. "चौथं कुठं गेलं?" कोणीतरी बोललेच. हळदीचे ताट हातात धरून आनंदीबाई मैनाला नुसत्या ओठांनी सांगू लागली, "कुलदैवत, कुलदैवत!"

तेवढ्यात मागून एक फाटका, चिरका आवाज आला.

"चौथं आवतान इसरल्या मानसाला..."

सगळ्या माना वळल्या. मला वळायची गरज नव्हती, तो आवाज मी जन्मभर पोटात वागवला होता. नवरा मुलगा जनूच्याच गावचा निघाला होता. गळा बसल्यापासून गिरजाबाई गात नसे, पण धवलारणीचा मान म्हणून गावाने तिला वऱ्हाडाबरोबर आणले होते.

मैनाच्या डोळ्यांना धार लागली. तरी तिने गाणे सोडले नाही. आधी शिकल्याप्रमाणे जोराचा ठसका दिला आणि मग पाचवे आवतान धरले.

"आगो पोरी!" गिरजाबाई हसत ओरडली. "ठसका माझा व्हता. धूर गेलता नाकात. तो पन उचललास?"

सारा मांडव हसला. आनंदीबाई तर ताट खाली ठेवून पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडतही होती. विधी आटोपल्यावर मैनाने मला काढून गिरजाबाईच्या हातात दिले. तिने मला उलटसुलट करून पाहिले आणि मोडलेल्या चौकोनांवरून बोट फिरवले. "जनूची हाय ही," ती म्हणाली. "म्हनला व्हता, कोंडत नाय, ठेवतोय. ठेवलं गो बाय त्यानं."

वऱ्हाडात अमोलही होता. त्याने मला निकेशच्या टेपात घातले आणि टेप कानाशी लावून ऐकले. "गप ऱ्हावा रे पोरांनो!" हे ऐकताच त्याने फीत मागे नेऊन तेवढेच पुन्हा लावले, कारण त्या पोरांत तो स्वतः होता. निकेश मला परत द्यायला निघाला, तर अमोल म्हणाला, "वैनींकडंच ऱ्हावंद्या. मना एक कॉपी करून द्या."

मित्रांनो, नको झालेल्या वस्तू जरूर विका. मी विकली गेले याची मला मुळीच लाज वाटत नाही. खोक्यात पडून राहिले असते तर माझी फीत बुरशीने खाल्ली असती आणि मैना मला भेटली नसती. एवढेच सांगते, देण्याआधी कव्हर उघडा. पुस्तक असेल तर चार पाने चाळा, कॅसेट असेल तर एकदा ऐका. आत कोणी आपले माणूस बसलेले असते.

आता मी फारशी वाजत नाही. माझी गरजही उरलेली नाही. रोह्यापासून कोलाडपर्यंत लग्न असले की मैनाला बोलावणे येते. तिच्या धवल्यात चौथे आवतान कधी चुकत नाही. आणि त्यानंतरचा ठसकाही नाही. गिरजाबाईने बजावूनसुद्धा तिने तो सोडलेला नाही. आता तिच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीही पाचव्या आवतानाआधी अगदी मन लावून खोकतात.