पूल ओलांडलेला कोल्हा

दया चांगलीच, पण दयेलाही डोळे असावेत. या प्लंबरदादाची दया डोळे मिटून पूल ओलांडून गेली होती.

महिन्यापूर्वी त्याच्या दुकानामागच्या गटारात कोल्हा शिरला. शेजारी म्हणाले, काठी घाला. दादाने तो पिंजऱ्यात पकडला आणि नदीपलीकडे, बहिणीच्या घरामागच्या रानात सोडला. "जा बाबा, सुखी राहा." कुणाला सांगितलं नाही, पुण्य बोलून दाखवू नये म्हणतात.

आज तो बहिणीकडे आला, तर भर दुपारी सगळे घरात कोंडले गेले. पायरीवर तोच कोल्हा, तोच फाटका कान. लाळ गळतेय, पाय लटपटताहेत, पण हलायचं नाव नाही.

"हाकल ना दादा! एवढी गटारं उपसतोस, कोल्ह्याला कसला भितोस?"

"कडीला हात लावू नकोस, बाई."

तेव्हा कोल्ह्यासाठी वापरलेला आणि बहिणीला उंदरांसाठी म्हणून दिलेला पिंजरा अंगणात पडला होता. देवाची करणी बघा: पिंजरा मोकळा, माणसं आत.

बहिणीने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि कोल्ह्याची अवस्था सांगितली.

"पिसाळलाय," डॉक्टर म्हणाले. "पण नदीच्या या बाजूला हा रोग नव्हताच. आला कुठून?"

दार बंद, खिडकी बंद; पळायचं कुठे?

"मीच आणला. मरू नये म्हणून."

बहिणीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुणाला चावलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि थबकली. "परवा पोरीच्या मनगटाला दात लागला होता. मांजर चावलं म्हणाली. पण गल्लीत मांजर आहेच कुठे?"

कोपऱ्यात गृहपाठ करणाऱ्या भाचीने हात पाठीमागे लपवला. "मी फक्त पाणी ठेवलं गं, आई. त्याला तहान लागलेली."

"तिला आजच सुई द्या, वाचेल," डॉक्टर म्हणाले. "आमची माणसं यायला संध्याकाळ होईल, आणि दवाखाना त्याआधीच बंद होतो."

दादाने पलंगावरची गादी ओढली, दोन्ही हातांवर गुंडाळली.

"मामा, त्याला मारू नकोस हं."

"नाही गं राणी." त्याचा आवाज चिरकला. मग तो बहिणीला म्हणाला, "मी त्याला पिंजऱ्याकडे रेटतो. तू हिला उचल आणि पळ. मी हाक मारली तरी मागे फिरू नकोस."

आणि त्याने कडी काढली.