भिंतीआडची वीस मिनिटं

ताईच्या वेल्डिंगच्या दुकानाला आग लागली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तिचा धाकटा भाऊ, शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर, खुर्चीचा मोडलेला पाय जोडून घ्यायला आला होता. ग्राइंडरची ठिणगी कोपऱ्यातल्या तेलकट चिंध्यांत पडली, आणि गप्पांच्या नादात दोघांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा फळ्यांनी पेट घेतला होता आणि जाळ भिंतीला साखळीने बांधलेल्या ऑक्सिजनच्या सिलेंडरला चाटत होता. जोडीचा गॅसचा सिलेंडर अजून यायचा होता, एवढंच नशीब.

दोघं बाहेर धावली. मास्तरने अग्निशमन दलाला फोन केला. फोन ठेवतो तो ताई परत आत निघालेली.

"कुठे चाललीस?"

"सिलेंडर ओढून आणते. पंधरा वर्षं हाताळतेय."

ताई कशालाच भ्यायची नाही आणि मास्तर उंदरालाही घाबरायचा, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण आज त्याने तिचा दंड असा धरला की ती कळवळली.

"भरलेला आहे?"

"सकाळीच आलाय. सोड ना!"

मास्तरने तिला ओढत दारासमोरच्या पाण्याच्या हौदाच्या जाड भिंतीआड नेलं.

"ऐक ताई. सिलेंडरमध्ये वायूचे कण आहेत, मोजता येणार नाहीत इतके. आत्ताही ते सगळीकडून त्याच्या भिंतीवर आदळतायत. त्या माऱ्यालाच आपण दाब म्हणतो. आग त्यांना वेग देतेय. वेग वाढला की ते जोरात आदळणार, जास्त वेळा आदळणार. बाहेर पडायला वाट नाही. आणि तापलं की पोलादही नरम पडतं."

"मग फुटणार?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "थंड केला तर वेग कमी होईल."

ताईने दाराबाहेरचा मेन स्विच पाडला आणि हौद भरायच्या नळाला लावलेली नळी ओढली. भिंतीआडून, फक्त हात बाहेर काढून, तिने धार सोडली. पाणी सिलेंडरवर पडताच चर्रकन वाफ होऊन उडत होतं. मास्तरने क्षणभर डोकावून पाहिलं; ओला डाग टिकतच नव्हता.

"अजून तापलेला आहे," मास्तर पुटपुटला. "धार हलवू नकोस."

नळी धरून तिचा हात भरून आला. त्याने खालून आधार दिला. परत भिंतीआड आल्यावर दाराआत काय चाललंय ते दिसत नव्हतं, आणि न दिसणंच जीव खात होतं.

मग शिट्टी वाजली. कान फाटतील अशी, एकसारखी. जादा दाब झाला की फुटावी म्हणून झडपेजवळ बसवलेली पातळ चकती फुटली होती. ऑक्सिजन सुटला तशी आग पांढरी झाली आणि छताचे दोन पत्रे उडून रस्त्यावर पडले. दोघांनी एकमेकांची डोकी दाबून धरली. ताई "आई गं, आई गं" एवढंच म्हणत होती.

हळूहळू शिट्टी बारीक होत थांबली. वीस मिनिटांनी बंब आला तेव्हाही दोघं भिंतीआडच होती. जवानांनीच त्यांना हाताला धरून काढलं.

"आत गेला असतात तर," त्यांचा प्रमुख म्हणाला, आणि त्याने रस्त्यावर पडलेल्या पत्र्यांकडे बोट दाखवलं.

दुकान गेलं. दोन महिन्यांनी ताईने नवं उभं केलं. सिलेंडर आता बाहेर, सावलीत, जाळीच्या आड असतात. पहिल्याच आठवड्यात रस्त्यावर ट्रकचं टायर फुटलं. ताई आणि मास्तर क्षणात जमिनीवर पालथे. शेजारचा न्हावी खो खो हसला. ती दोघं बराच वेळ उठली नाहीत.